परिशिष्ट ग

तुळसकर शेठ म्हणाले, मॅडम, आम्ही सूर्यास्त विकतो.
म्हणून पश्चिमेची अख्खी बाजू काच.
बेचाळीस खोल्या, वेंगुर्ल्याच्या बंदरापासून चालत दहा मिनिटं,
प्रत्येक खोलीला आपापला सूर्य.

मी फॉर्मवर लिहिलं: काच, एकेरी, सहा मिलिमीटर.
दिशा: पश्चिम.
सावली:
इथे जरा थांबले
आणि आडवी रेघ मारली.

दुपारी तीनलाच सूर्यास्त सुरू होतो इथे.
म्हणजे रंग नाहीत अजून,
नुसती धग येते आधी, पुढे पाठवून दिलेल्या सामानासारखी.
मग काचेवर पडदा,
पडद्यामागे अठरावर लावलेला एसी,
आणि भिंतीवर टीव्हीत कुठल्यातरी परक्या देशाचा समुद्र.
सहाच्या सुमाराला रिसेप्शनवरची शमिका
खोलीखोलीत फोन करते: सर, सनसेट.
पडदे सरकतात.
सात मिनिटं.
पुन्हा बंद.

गच्चीवर बेचाळीस डबे धापा टाकत उभे.
खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या जाळ्या खाल्ल्यात,
बोट लावलं तर पत्रा पापडासारखा मोडतो.
वीजबिलं मागितली बारा महिन्यांची.
अकरा मिळाली.
मे सापडत नाही म्हणाले.

उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवर रोखला
तेव्हा पास्कू वॉचमन मागे येऊन उभा राहिला.
पडद्यावर भिंत लालभडक, कडांना पिवळी.
"भिंतीक ताप इलो काय गो बाय?"
आलाय, म्हटलं. चव्वेचाळीस.
अंगावरच काढतायत चार वर्षं.

मग इकडेतिकडे बघून, हळूच,
"माज्या केबिनीक किती स्टार पडतले?"

केबिन गेटजवळ. पत्र्याची.
नकाशात नाही, बांधीव क्षेत्रात नाही,
माझ्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नाही.
छत एकावन्न अंश.
दुपारी तो आत बसतच नाही,
उंडीच्या झाडाखाली खुर्ची टाकतो,
शेठची गाडी वळणावर दिसली की आत.

गंमत म्हणून गणित मांडलं, त्याच्यासमोरच.
दीड चौरस मीटर.
नऊ वॅटचा एक दिवा. पंख्याचा पॉइंट काढलेलाच नाही.
वर्षाला छत्तीस युनिट, भागिले दीड,
चोवीस.
मी पुन्हा करून पाहिलं.

"पाच," म्हटलं.
"पाच?" तो हसला, हसता हसता खोकला.
"मगे शेटाक सांग, येवन बस हयसर."

सूत्राची चूक नाही.
ते फक्त विचारतं वीज किती गेली.
मीही नऊ वर्षं गावोगाव तेवढंच विचारत आले.

हॉटेलला दोन तारे.
बँकेला कर्जासाठी तीन लागतात.
शेठ रागावले नाहीत, गच्चीवर घेऊन गेले,
वर बोट दाखवून म्हणाले, एवढे पडलेत, त्यातला एक.
मी काजूचं पाकीट घेतलं, तारा दिला नाही.
पाकीटही घ्यायला नको होतं.

एक राहिलं.
ताप म्हणाला ना पास्कू,
तेव्हा त्याने भिंतीवर तळवा ठेवला होता,
पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, जरा दाबून.
हात काढला, आणि कॅमेऱ्यात
त्या सगळ्या लालात एक निळा पंजा.
पाच बोटं, एक अर्धं तुटलेलं.
अकरा सेकंद होता तो. मी मोजले.
शेवटची करंगळी गेली.

तेवढ्यात बटण दाबलं गेलं होतं माझ्याकडून.
अहवालात जोडलाय फोटो, पान एकसष्ट,
खाली तपशील: पश्चिम भिंत, तात्पुरता थंडावा,
स्रोत वीज नाही.

तिथवर कुणी वाचत नाही.